शालेय स्नेहसंमेलन व गुणगौरव

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी अभ्यास, क्रीडा, कला, विज्ञान, लेखन, वक्तृत्व, समाजसेवा इ. क्षेत्रांत वर्षभरात केलेल्या कामगिरीचे शाळेने पालकांच्या व समाजाच्या साक्षीने केलेले प्रकट कौतुक आणि त्या निमित्ताने भरणारे वार्षिक संमेलन. या संमेलनास महाराष्ट्रात ‘स्नेहसंमेलन’ अशी संज्ञा असून बोलण्यात ‘गॅदरिंग’ हा शब्द अधिक रूढ आहे. पारितोषिक वितरण, विविध गुणदर्शन, क्रीडामहोत्सव, हस्तकला व विज्ञान प्रदर्शन, हस्तलिखित अथवा मुद्रित वार्षिकांक ही त्याची प्रमुख अंगे होत. शाळेच्या वेळापत्रकात वर्षभर चालणाऱ्या अभ्यासपूरक उपक्रमांची परिणती या सोहळ्यात होते.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी साधारणतः कुमारवयातील असतात. या वयात स्वतःविषयीची प्रतिमा घडत असते आणि तीत बरोबरीच्या मुलामुलींचे व शिक्षकांचे मत फार महत्त्वाचे ठरते. शाळा चारचौघांत कोणत्या गुणाचा गौरव करते, यावरून ती कोणत्या गुणाला मोल देते हे विद्यार्थी ओळखतात. शाळेच्या उद्दिष्टपत्रिकेत काहीही लिहिलेले असले, तरी व्यासपीठावरून पुकारल्या जाणाऱ्या नावांचा संदेश अधिक स्पष्ट असतो. म्हणून गौरव कोणाचा, कशासाठी व कोणत्या रीतीने करावा, हा या विषयातील मुख्य शैक्षणिक प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात पारंपरिक शिक्षणालाही उत्सवाची जोड होती. नवरात्रातील शारदोत्सव, पाटीवर सरस्वतीचे चिन्ह काढून करावयाचे पाटीपूजन, मुलींचा भोंडला यांत मुलांचा समूहाने सहभाग असे. पण त्यांत वैयक्तिक कामगिरीची क्रमवारी नसे. क्रमवारी व पारितोषिक या कल्पना मुख्यतः इंग्रजी शिक्षणपद्धतीबरोबर आल्या. इंग्लंडमधील पब्लिक स्कूलांत वार्षिक भाषणदिन व पारितोषिक समारंभ रूढ होते. रग्बी शाळेत १८२८ मध्ये मुख्याध्यापक झालेल्या टॉमस आर्नल्ड यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवर शिस्तीची जबाबदारी सोपविण्याच्या पद्धतीला नैतिक शिक्षणाचे रूप दिले. पुढील पिढीत सांघिक खेळांनाही अशा शाळांतून मोठे स्थान मिळाले. वर्गप्रतिनिधी, विद्यार्थिप्रमुख, शाळेची कुले वा गट, त्यांच्यातील ढाल-करंडकांच्या स्पर्धा या भारतीय शाळांतील प्रथांचा उगम बव्हंशी या पद्धतीत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक) घेण्यात आली. या परीक्षेतील यश हा शाळेच्या प्रतिष्ठेचा मुख्य निकष ठरला. विशिष्ट विषयात सर्वोच्च गुण मिळविणाऱ्यास दात्याच्या नावे शिष्यवृत्ती देण्याची पद्धतही रुजली. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही त्यांपैकी विशेष मानाची होती. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले, त्या वेळी त्यांना ही शिष्यवृत्तीही मिळाली होती. शाळांच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत नावे रंगविलेले जे सन्मानफलक आजही दिसतात, ते या परंपरेचे दृश्य अवशेष होत.

पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकरही लवकरच त्यात सामील झाले. खाजगी राष्ट्रीय शाळांच्या या चळवळीमुळे शाळा ही शासनाची कचेरी नसून समाजाची संस्था आहे, ही भावना वाढीस लागली. तीतूनच वर्धापनदिन व संमेलने यांना शाळेने समाजापुढे ठेवलेल्या जमाखर्चाचे स्वरूप आले. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) स्थापन झाले. अशा शाळांमुळे भाषण, गायन, नाट्य व खेळ यांसाठी मुलींना हक्काचे व्यासपीठ मिळाले. घराबाहेर चारचौघांत उभे राहून बोलणे हीच ज्या काळात मुलीच्या दृष्टीने असाधारण गोष्ट होती, त्या काळात या व्यासपीठाचे महत्त्व पारितोषिकापेक्षा अधिक होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही शिक्षकांनी व संस्थांनी उपक्रमांची व्याप्ती वाढविली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. शाळाशाळांतून निघणाऱ्या हस्तलिखितांची परंपरा मराठी मुलखात पुढे दीर्घकाळ टिकली. सुवाच्य अक्षर असलेला विद्यार्थी लेखनिक, चित्रकलेची आवड असलेला सजावटकार आणि विनोदाची जाण असलेला चुटक्यांचा संकलक, अशा निरनिराळ्या कुवतीच्या मुलांना हस्तलिखितात स्थान मिळे. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू करून ‘कमवा व शिका’ हे तत्त्व माध्यमिक स्तरावर आणले. या प्रयोगांमुळे अंगमेहनतीचे काम हीदेखील शाळेने गौरवावयाची कामगिरी आहे, हा विचार पुढे आला.

शासकीय धोरण : माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) अभ्यासपूरक उपक्रम हे शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे आणि प्रत्येक शिक्षकाने त्यांसाठी निश्चित वेळ द्यावा, अशी शिफारस केली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या निरनिराळ्या क्षेत्रांतील प्रगतीची सलग नोंद ठेवावी व अंतिम मूल्यमापनात तिचा विचार व्हावा, असेही आयोगाने सुचविले. शिक्षण आयोगाने (कोठारी आयोग, १९६४–६६) कार्यानुभव व समाजसेवा यांवर भर दिला. मंडळाच्या प्रमाणपत्राबरोबर शाळेनेही विद्यार्थ्याच्या अंतर्गत मूल्यमापनाचे स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे, ही या आयोगाची सूचना लक्षणीय आहे. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याची संकल्पना मांडली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ पासून नववी-दहावीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत राबविली. तीत सहशालेय कामगिरीलाही श्रेणी दिली जात असे. तथापि ही पद्धत पुढे मागे पडली आणि २०१८ पासून मंडळाची दहावीची परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात अभ्यासक्रमीय व अभ्यासेतर असा काटेकोर भेद राखू नये, असे म्हटले असून शिक्षकांबरोबरच विद्यार्थ्याचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापन अंतर्भूत असलेल्या समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे.

सात दशकांतील या शिफारशींचा आशय बव्हंशी एकच आहे. तो पुनःपुन्हा सांगावा लागला, यावरून परीक्षाकेंद्रित व्यवस्थेत त्याची अंमलबजावणी किती अवघड आहे, हे दिसून येते.

उपक्रमांचे प्रकार : माध्यमिक शाळांतील उपक्रम स्थूलमानाने पाच गटांत मोडतात.

(१) क्रीडा : खोखो, कबड्डी, लंगडी, लेझीम, मल्लखांब हे देशी प्रकार आणि क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल, मैदानी शर्यती इ. प्रकार शाळांतून खेळले जातात. मुंबईतील आंतरशालेय क्रिकेटमध्ये हॅरिस ढाल व जाइल्स ढाल या स्पर्धांना शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली. शालेय पातळीवरील एखाद्या कामगिरीने देशाचे लक्ष वेधून घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय. अखिल भारतीय पातळीवर भारतीय शालेय क्रीडा महासंघ (स्थापना १९५४) विविध खेळांच्या स्पर्धा भरवितो, तर सुब्रतो करंडक ही शालेय फुटबॉल स्पर्धा १९६० पासून घेतली जाते.

(२) विज्ञान : राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुढाकाराने १९७१ पासून बालवैज्ञानिकांची राष्ट्रीय प्रदर्शने भरत आली आहेत. तालुका, जिल्हा व राज्य अशा पायऱ्यांनी निवडलेल्या प्रतिकृती त्यांत मांडल्या जातात. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक व प्रकल्प यांचाही समावेश आहे. परिसरातील प्रश्नाचा मुलांनी गटाने अभ्यास करावा, हा राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा (१९९३ पासून) विशेष होय.

(३) ललित कला : नाटिका, समूहगीत, नृत्य, चित्रकला, रांगोळी, हस्तकला इत्यादींचा यात समावेश होतो. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ‘लिटल थिएटर’ने बालनाट्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धांमुळे शालेय रंगमंचालाही चालना मिळाली. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाकडून घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षा शाळाशाळांतून लोकप्रिय आहेत.

(४) भाषा व वाङ्मय : वक्तृत्व, वादविवाद, कथाकथन, पाठांतर, निबंधलेखन, हस्तलिखित, भित्तिपत्रक इ. उपक्रम या गटात येतात. फळ्यावर रोज नवा सुविचार व ठळक बातम्या लिहिणे हा यातील साधा, बिनखर्ची व सार्वत्रिक प्रकार होय.

(५) सेवा व शिस्त : लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावरील शिबिरापासून सुरू केलेली बालवीर चळवळ, १९४८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना (एन्.सी.सी.), वाहतूक सुरक्षा पथक, हरित सेना, श्रमदान, वृक्षारोपण इत्यादींचा यात अंतर्भाव होतो. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संघटना १९५० मध्ये अस्तित्वात आली.

या उपक्रमांतील गौरवाची तत्त्वे दोन भिन्न प्रकारची आहेत. क्रीडा व वक्तृत्व स्पर्धांत पहिला क्रमांक एकालाच वा एकाच संघाला मिळतो. दुसऱ्याचा पराभव हा तेथे विजयाचाच भाग असतो. याउलट, बालवीराचे प्रावीण्यपदक वा चित्रकला परीक्षेतील श्रेणी ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येकाला मिळू शकते. प्रथमोपचार येणारे चाळीस बालवीर असतील, तर चाळीसही जण ते पदक लावू शकतात. पहिल्या प्रकारात चुरस व थरार अधिक, तर दुसऱ्यात सर्वांना वाव अधिक असतो. सुजाण शाळा या दोहोंचा मेळ घालतात.

स्नेहसंमेलनाचे स्वरूप : महाराष्ट्रात ही संमेलने बहुधा डिसेंबर-जानेवारी महिन्यांत, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या पूर्वार्धात होतात. वार्षिक परीक्षा अद्याप दूर असते आणि हवाही उघड्यावरील कार्यक्रमास अनुकूल असते. दोन ते चार दिवसांच्या कार्यक्रमात क्रीडास्पर्धांचे अंतिम सामने, रांगोळी व हस्तकला प्रदर्शन, आनंदमेळावा, विविध वेशभूषा, पारितोषिक वितरण, करमणुकीचे कार्यक्रम व स्नेहभोजन यांचा समावेश असतो. आनंदमेळाव्यात मुलेच भेळ, सरबत, वडे इ. पदार्थांची दुकाने मांडतात. भांडवल, विक्री व नफा यांचा हिशेब त्यांनाच ठेवावा लागत असल्याने व्यवहाराचे शिक्षण सहज मिळते. कोपरखळ्यांतून परस्परांना उपाध्या देण्याचा ‘शेलापागोटे’ किंवा ‘फिशपाँड’ हा प्रकार पूर्वी विशेष लोकप्रिय होता. त्यातील विनोद एखाद्याच्या व्यंगावर, जातीवर वा गरिबीवर घसरू लागल्याने अनेक शाळांनी तो बंद केला किंवा शिक्षकांच्या तपासणीखाली आणला.

मुख्य समारंभाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो : ईशस्तवन व स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, मुख्याध्यापकांचे अहवालवाचन, पारितोषिक वितरण, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, आभार व नंतर विविध गुणदर्शन. यांपैकी अहवालवाचन हा भाग श्रोत्यांना रूक्ष वाटला, तरी संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने तो मोलाचा असतो. वर्षभरातील उपक्रम, निकाल, देणग्या व उणिवा यांची एकत्र नोंद त्यात होते. जुन्या शाळांचे असे छापील अहवाल व वार्षिकांक स्थानिक इतिहासाची विश्वसनीय साधने ठरले आहेत.

खर्चाचा काही भाग सत्र शुल्कातून व काही देणग्यांतून भागतो. माजी विद्यार्थी वा पालक दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ शाळेकडे कायम ठेव ठेवतात व तिच्या व्याजातून दरवर्षी ठराविक पारितोषिक दिले जाते. महागाईमुळे अशा ठेवींचे मूल्य घटत जाते. उदा., ५०० रुपयांच्या ठेवीवर द. सा. द. शे. ६ या दराने वर्षाला ३० रुपयेच मिळतात. एके काळी या रकमेत पुस्तकांचा संच येत असे, आज एक वहीही जेमतेम येते. म्हणून काही संस्था जुन्या ठेवी एकत्र करून पारितोषिकांची फेररचना करतात.

स्नेहसंमेलनाचा मोठा शैक्षणिक लाभ पडद्यामागे होतो. रंगमंचाची उभारणी, बैठकव्यवस्था, निमंत्रणपत्रिका, ध्वनियोजना, रंगभूषा, स्वयंसेवकांची पथके, दुसऱ्या दिवशीची साफसफाई ही कामे विद्यार्थ्यांनी केल्यास नियोजन, सहकार्य व जबाबदारी यांचे धडे त्यांना मिळतात. ही कामे व्यावसायिकांना ठेक्याने देण्याकडे कल वाढला, तसा कार्यक्रमाचा झगमगाट वाढला. पण विद्यार्थ्यांच्या वाट्याचे शिक्षण कमी झाले.

गुणवत्ता यादी : महाराष्ट्रात माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेच्या (एस्.एस्.सी.) निकालाबरोबर प्रसिद्ध होणाऱ्या गुणवत्ता यादीस अनेक दशके असाधारण महत्त्व होते. इयत्ता दहावीच्या अखेरीस ही परीक्षा घेण्याची पद्धत १९७५ पासून अंमलात आली. यादीत आलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत आणि शाळांची कीर्ती त्यांवर ठरे. लहान गावातील अथवा सामान्य परिस्थितीतील विद्यार्थी यादीत आल्यास साऱ्या पंचक्रोशीला अभिमान वाटे आणि त्याच्या पुढील शिक्षणास मदतीचे हात मिळत, ही या पद्धतीची जमेची बाजू होती. दुसरीकडे, एखाद-दुसऱ्या गुणाने यादीतून सुटलेला विद्यार्थी अपयशी ठरे. पालकांची ईर्षा, खाजगी शिकवण्यांची जाहिरातबाजी व विद्यार्थ्यांवरील ताण वाढत गेला. या कारणांवरून टीका होऊ लागली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने अशी यादी प्रसिद्ध करणे बंद केले. तरीही शाळांच्या व शिकवणीवर्गांच्या दर्शनी फलकांवर टक्केवारीसह छायाचित्रे लावण्याची प्रथा टिकून आहे. यादी बंद झाली, तरी तिच्यामागची मनोवृत्ती लगेच बदलत नाही, असे यावरून दिसते.

क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय कला व लोककला यांतील प्रावीण्याबद्दल शालान्त परीक्षेत शासनाच्या निकषांनुसार वाढीव गुण देण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. मैदानावर व रंगमंचावर घालविलेला वेळ वाया जात नाही, ही खात्री त्यामुळे पालकांना वाटते. मात्र कलेचे मोल अखेर परीक्षेच्या गुणांतच मोजले जात असल्याने आवडीपेक्षा गुणांसाठी कला शिकण्याचा धोकाही त्यात आहे.

मानसशास्त्रीय विचार : प्रशंसेच्या परिणामांचा प्रायोगिक अभ्यास विसाव्या शतकात झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंकगणिताची उदाहरणे सोडविणाऱ्या मुलांचे गट केले होते. एका गटाची सर्वांसमक्ष प्रशंसा, दुसऱ्याची कानउघाडणी व तिसऱ्याची उपेक्षा करण्यात आली. प्रशंसा झालेल्या गटाची प्रगती सर्वांत अधिक झाली. कानउघाडणीचा प्रारंभीचा परिणाम लवकर ओसरला. उपेक्षित गटाची प्रगती अल्पच राहिली. व्यासपीठावरून कधीच नाव न ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील शेवटचा निष्कर्ष विचारार्ह आहे.

पारितोषिकाच्या मर्यादाही पुढील संशोधनात स्पष्ट झाल्या. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये शिशुशाळेतील चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचे आधी कबूल केले होते व तसे ते दिले, त्यांची आपणहून चित्रे काढण्याची ओढ नंतर घटली; ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या बाबतीत अशी घट आढळली नाही. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती झालेली मुले पुढे सोप्या कामाकडे वळली व अपयश येताच लवकर खचली. ‘तू मेहनत घेतलीस’ असे कौतुक झालेली मुले मात्र अवघड काम स्वीकारण्यास अधिक तयार होती. बक्षीस हे आमिष ठरू नये, कौतुक नेमक्या कामाचे व प्रयत्नांचे असावे, हा या संशोधनाचा शिक्षकांच्या दृष्टीने इत्यर्थ होय.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेत माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या गौरवासाठी १९२१ मध्ये ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ ही संघटना स्थापन झाली. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व व चारित्र्य हे तिच्या सदस्यत्वाचे चार निकष असून केवळ परीक्षेतील गुणांवर प्रवेश मिळत नाही. जपानमध्ये ‘विशेष उपक्रम’ हा राष्ट्रीय पाठ्यक्रमाचाच भाग आहे. तेथील वार्षिक क्रीडादिनी शाळेचे बहुधा लाल व पांढरा असे दोन पक्ष पाडले जातात व सर्व विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या सांघिक खेळात उतरतात. सांस्कृतिक महोत्सवात प्रत्येक वर्ग स्वतःचे दालन वा प्रयोग सिद्ध करतो. व्यक्तीपेक्षा वर्गाला महत्त्व देणारी ही पद्धत समूहभावना वाढविते. पण वेगळ्या प्रकृतीच्या विद्यार्थ्यावर तीत समूहाचे दडपणही येऊ शकते.

अडचणी व उपाय : प्रत्येकी ५० विद्यार्थ्यांच्या २० तुकड्या असलेल्या शाळेत प्रत्येक तुकडीतील पहिल्या तिघांनाच पारितोषिक दिले, तर १,००० पैकी ६० जणांचा गौरव होतो आणि ९४० जण प्रेक्षक राहतात. वक्तृत्व, निबंध, नाटिका यांतही बहुधा त्याच साठांपैकी काहींची निवड होते. उच्चार शुद्ध, घरी पुस्तके, तालमीनंतर घरी न्यायला पालक येऊ शकतात, अशा मुलांना पुढे येणे सोपे जाते. भाड्याच्या वेशभूषेचा खर्च न पेलणारी, दूरच्या वाडीवरून चालत येणारी, शाळा सुटल्यावर शेतात वा घरकामात राबणारी मुले, तसेच अपंग विद्यार्थी सहज वगळले जातात. संध्याकाळच्या तालमींना घरून परवानगी नसल्यामुळे मुलींची संख्या घटते. दहावीच्या विद्यार्थ्यांना तर ‘बोर्डाचे वर्ष’ म्हणून सर्वच उपक्रमांतून बाजूला काढण्याची प्रथा पडली आहे. पाहुण्यांच्या सत्कारात व लांबलेल्या भाषणांत वेळ जाऊन मुलांचे कार्यक्रम आटोपते घ्यावे लागणे, ही तक्रारही जुनीच आहे.

या उणिवा दूर करण्यासाठी अनेक शाळांत साधे उपाय योजले जातात. वैयक्तिक पारितोषिकांना वर्गाच्या सांघिक पारितोषिकांची जोड देणे, पूर्ण उपस्थिती, स्वच्छता, ग्रंथालयातील वाचन, मागील वर्षापेक्षा झालेली प्रगती, सहाध्यायास केलेली मदत यांची दखल घेणे, प्रत्येक वर्गाचा एक तरी कार्यक्रम असावा व त्यात सर्वांना काम मिळावे असा दंडक पाळणे, तालमी शाळेच्या वेळेतच घेणे, वेशभूषा घरच्या वा शाळेच्या संग्रहातील कपड्यांतूनच करणे, ही त्यांची उदाहरणे होत. पुणे येथील ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी (स्थापना १९६२) गटकार्य, अभ्यासदौरे व प्रकल्प यांना वर्षभराच्या शिक्षणात स्थान देऊन उपक्रम हे वार्षिक सोहळ्यापुरते राहू नयेत, याकडे लक्ष वेधले आहे. गौरवाची नोंदही महत्त्वाची आहे. सर्वसाधारण प्रगतिपत्रकात गुणांशेजारी विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे दोन ओळींत नेमके वर्णन असेल, तर ते पालकांना व पुढील शिक्षकांना क्रमांकापेक्षा अधिक सांगते.

सर्वांनाच पारितोषिके वाटून हा प्रश्न सुटत नाही, असाही एक आक्षेप आहे व तो रास्त आहे. कामाशिवाय झालेले कौतुक विद्यार्थी चटकन ओळखतात आणि त्याचे मोल मानीत नाहीत. असामान्य कामगिरीला असामान्य मान मिळालाच पाहिजे. मात्र कामगिरी करून दाखविण्याची संधी प्रत्येकास मिळाली होती काय, हा प्रश्न त्या आधी येतो. नाटकातील प्रमुख पात्राबरोबर पडदा ओढणाऱ्याचे नावही कार्यक्रमपत्रिकेत छापण्याची काही शाळांची पद्धत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तीत प्रमुख पात्राचा मान कमी होत नाही आणि पडदा ओढणाऱ्याचे काम नोंदले जाते.